वेरूळ, बुधवारी अख्खा दिवस

मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. अजिंठा सोमवारी बंद असतो हे मला पक्कं ठाऊक होतं. चार दिवसांचं सगळं वेळापत्रक मी त्यावरच बसवलं होतं. सोमवार प्रवासाचा, मंगळवार वेरूळचा, बुधवार अजिंठ्याचा, गुरुवारी परत लातूर. आणि मंगळवारी सकाळी साडेआठला आम्ही चौघं वेरूळच्या बंद फाटकापुढं उभे. पहारेकऱ्यानं शांतपणे सांगितलं, “ताई, आज सुट्टी. उद्या या.” मला तिथंच रडू फुटलं.

त्याचं कारण गाडीत मागं बसलं होतं. माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. वय 74, दोन्ही गुडघे गेलेले. पंढरपूर झालं, तुळजापूर तर वर्षातून दोनदा, पण साऱ्या जन्मात वेरूळ काही झालं नाही. त्यांच्या माहेरी पाथरवटाचं काम होतं. जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवायची, बाजाराच्या दिवशी गाडीत घालून न्यायची आणि उरलेले दिवस गावोगाव टाकी लावत फिरायचं. टाकी लावणं म्हणजे झिजून गुळगुळीत झालेल्या जात्या-पाट्यावर छिन्नीनं पुन्हा बारीक बारीक खड्डे पाडून त्याला खरबरीत करणं. त्याशिवाय दळण पडत नाही, चटणी वाटली जात नाही. लहानपणी आत्याबाई वडिलांच्या शेजारी बसून पाट्याला टाकी लावायच्या. उजव्या भुवईवर कपची उडून लागल्याची खूण अजून आहे.

गेल्या उन्हाळ्यात टीव्हीवर कैलास लेणं दाखवत होते. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला आणि म्हणाल्या, “कुणी तासलं असंल बाई एवढं?” त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, शाळेत शिकलेलं: राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. मी ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, “राजाचं नाही विचारलं मी.”

त्या दिवशी मी ठरवलं, ह्या दिवाळीत जायचंच. भाऊबीज झाली, पाहुणे गेले आणि सोमवारी पहाटे आम्ही निघालो. धपाटे, शेंगाची चटणी, दही एका बरणीत, आत्याबाईंची गुडघ्याची पट्टी आणि एक घडीचं प्लास्टिकचं स्टूल. त्या स्टुलानं आमची सहल तारली. गुडघेदुखीचं माणूस सोबत असेल तर बाकी काही विसरा, हे स्टूल विसरू नका. लेणी असोत की मंदिरं, बसायला जागा आपल्याला हवी तिथं कधीच नसते.

सरळ अंबाजोगाईवरून न जाता वाट वाकडी करून आम्ही तेरला गेलो. हा हट्ट माझा. गोरोबाकाकांचं, म्हणजे संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून तेर आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, तेरणेच्या काठी समाधीला लोक जातात, पण गावातल्या त्रिविक्रमाच्या देवळापर्यंत फार थोडे पोचतात. ते देऊळ विटांचं आहे. मागची बाजू गोलाकार, हत्तीच्या पाठीसारखी. मूळचं बौद्ध चैत्य म्हणजे प्रार्थनागृह, नंतर विष्णूचं देऊळ झालं, आणि महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या बांधकामांत त्याची गणना होते. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या वहीत लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात येतो. इथल्या मातीत सापडलेली हस्तिदंताची बाहुली इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या बाहुलीच्या जातीची आहे. मी हे सगळं मुलाला सांगत होते. तो नववीत आहे, त्याचं लक्ष होतं-नव्हतं. पण इथल्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात हे सांगितल्यावर मात्र त्यानं मान वर केली. वीट भाजताना आतला भुसा जळून जातो, पोकळी राहते, वीट हलकी होते. आत्याबाई म्हणाल्या, “भुस्सा तर आपले कुंभार आताबी घालतेत की.” गोरोबाकाकांच्या गावात हे त्यांच्या तोंडून ऐकताना फार बरं वाटलं.

तिथून धाराशिव, बीड, गेवराई. शहागडच्या पुलावर गोदावरी लागली तेव्हा गाडी हळू करायला लावून आत्याबाईंनी काच खाली घेतली आणि नाणं टाकून हात जोडले. संध्याकाळी छत्रपती संभाजीनगर. लॉजवाल्यानं फोनवर तळमजल्याची खोली कबूल केली होती. प्रत्यक्षात तिसरा मजला आणि लिफ्ट बंद. ह्यांनी आणि मुलानं आत्याबाईंना खुर्चीवर बसवून वर नेलं. कबूल केलेली खोली म्हाताऱ्या माणसाला न देणं ह्याला मी साधी गैरसोय म्हणणार नाही. तुम्ही ठरवाल तेव्हा फोनवरच्या शब्दावर राहू नका, खोलीचा मजला मेसेजमध्ये लिहून घ्या.

तर मंगळवार. फाटक बंद. मी डोळे पुसले आणि मग पहारेकऱ्यानंच सुचवलं: घृष्णेश्वर जवळच आहे, तिथं जा, आणि परतताना देवगिरी करा. तसंच केलं.

घृष्णेश्वराला पुरुषांना कमरेवरचे कपडे काढून गाभाऱ्यात जावं लागतं. मुलगा जरा लाजला, पण बाहेर आला तो चेहरा वेगळा होता. इथं पिंडीला हात लावून दर्शन घेता येतं. तांबूस दगडाचं देऊळ, आजचं रूप अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं. त्याआधी मालोजीराजांनी त्याचा जीर्णोद्धार केला होता. वेरूळ हे भोसल्यांचं गाव, पाटीलकी त्यांची. शिवाजी महाराजांचे आजोबा ह्याच रस्त्यांवरून फिरले असतील, हे मुलाला तिथं उभं राहून सांगण्यात आणि पुस्तकातून वाचून दाखवण्यात किती फरक पडतो, ते त्या दिवशी कळलं.

देवगिरीवर आत्याबाई खालीच, भारतमातेच्या मंदिराच्या खांबांच्या सावलीत स्टुलावर बसल्या. आम्ही तिघं चढलो. खंदक पाहिला, अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातून गेलो. आत वटवाघळांचा उग्र वास आणि पायाखालच्या पायऱ्या मुद्दाम उंच-सखल केलेल्या, शत्रूचा पाय अडखळावा म्हणून. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा किल्ल्यात भरलेली पोती धान्याची नव्हे तर मिठाची निघाली, असं सांगतात. एवढा अजिंक्य गड, आणि रामदेवरायाला शरण जावं लागलं. यादवांची राजधानी, मग 1327 मध्ये महंमद तुघलकानं दिल्ली उठवून आणली ती इथंच. पण वर जाऊन आलेल्या आम्हाला नवी गोष्ट सांगितली ती खाली बसलेल्या आत्याबाईंनी. डोंगराचा कडा चहूबाजूंनी उभा तासलेला आहे, भिंतीसारखा, ते आम्ही चढताना पाहिलं होतं आणि निसर्गाचाच असेल असं धरून चाललो होतो. त्या म्हणाल्या, “निसर्गाचा कडा असा सपाट नसतो रे. हे मारलंय. पहार घालून पाडलंय आणि मग साफ केलंय.” खरंच तसं आहे. डोंगराचा खालचा भाग माणसांनी तासून उभा केलेला आहे, कुणाला चढता येऊ नये म्हणून. आम्ही तीन तास त्या कड्याला वळसे घालत होतो.

त्या रात्री खोलीत वाद झाला. बुधवारी अजिंठा की वेरूळ? दोन्ही एका दिवसात करणारे लोक आहेत. वेरूळ शहरापासून 30 किलोमीटर, अजिंठा वेगळ्या दिशेला 100. पहाटे निघून वेरूळला दीड तास आणि मग अजिंठ्याला धावत जायचं. ह्यांचं म्हणणं, आलोच आहोत तर दोन्ही उरकू. मुलाला अजिंठाच हवा होता. चित्रांचं पुस्तक त्यानं शाळेत पाहिलं होतं, पद्मपाणीचं चित्र त्यानं वहीत काढलेलं. आत्याबाई काहीच बोलल्या नाहीत. गुडघ्याला तेल चोळत बसल्या. शेवटी मीच म्हणाले, अजिंठा राहू दे. ‘उरकू’ हा शब्द मला सोसला नाही. मुलगा तोंड फिरवून झोपला आणि मला रात्रभर अपराधी वाटत राहिलं.

बुधवारी आम्ही फाटक उघडायच्या वेळेला हजर होतो. भारतीयांना तिकीट 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना नाही. वेरूळला एकूण 34 लेणी, डोंगराच्या कडेनं दोन किलोमीटरभर पसरलेली: 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. कैलास सोळावं, आणि ते फाटकातून आत गेल्या गेल्या समोरच. म्हणून बहुतेक लोक तिथं आधी शिरतात. आम्ही शिरलो नाही. आदल्या दिवशी घृष्णेश्वराबाहेर फुलं विकणाऱ्या एका बाईनं सांगितलं होतं, “आधी वर जा, मंग खाली या.” कैलासाच्या उजव्या अंगानं डोंगरावर जाणारी वाट आहे. आत्याबाईंना एका बाजूनं हे, एका बाजूनं मी, दर वीस पावलांवर स्टूल. तरुण माणसाला दहा मिनिटं लागतील, आम्हाला पाऊण तास लागला. वर कड्याच्या काठाशी लहान मुलांचा हात घट्ट धरा.

वरून पाहिलं आणि आम्ही चौघंही गप्प झालो. खाली, खड्ड्यात, डोंगराच्या पोटात अख्खं देऊळ उभं. मंडपाच्या छतावर मोठं कमळ कोरलेलं आणि त्याभोवती चार सिंह. खालून आत गेलेल्या माणसाला ते दिसतच नाहीत. डोंगराला तीन बाजूंनी चर खणले, मध्ये एक प्रचंड दगड बेटासारखा सुटा राहिला आणि मग वरून खाली देऊळ कोरत आणलं. आधी कळस, शेवटी पाया. अंगण साधारण 82 मीटर लांब, 46 मीटर रुंद. बाहेर काढलेला दगड दोन लाख टनांच्या घरात असावा असा अंदाज सांगतात. उभं राहायला परांचीही बांधलेली नाही. ज्या दगडावर उभं राहून काम केलं तोच दगड पुढं खाली कोरला गेला.

आत्याबाई स्टुलावर बसून होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी समोरच्या उभ्या भिंतीकडं बोट केलं, चराच्या पलीकडच्या बाजूला. “ते चरे दिसतेत का?” मला आधी दिसेनात. मग ऊन जरा सरकलं आणि दिसले: भिंतभर, हातभर लांबीच्या तिरप्या रेघा, एकाशेजारी एक, शेतात औत धरल्यासारख्या. “ही टाकी हाय. वरून खाली आलीय. माणूस वर उभा हाय आन् पायाजवळ मारतोय. हितपर्यंत एकाचा हात, आन् हितून दुसऱ्याचा. बघ, तिरपेपणा बदलला.” मुलानं मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाहिलं. खरंच एका ठिकाणी रेघांचा कल बदललेला होता, जणू दोन वेगळ्या अक्षरांतल्या ओळी. “हा डावखुरा असंल,” आत्याबाई म्हणाल्या.

तो डावखुरा होता की नाही हे कोण सांगणार! पण त्या क्षणापासून माझ्या मुलानं आज्जीचा पदर सोडला नाही.

खाली उतरून आत गेलो. दारातच समोर गजलक्ष्मी, मग अंगण, दोन्ही बाजूंना एकेक हत्ती आणि एकेक ध्वजस्तंभ. उत्तरेच्या भिंतीवर महाभारत, दक्षिणेला रामायण, ओळीनं कोरलेलं, चित्रकथेसारखं. एक तास आम्ही परवानाधारक गाईड घेतला. माणूस जाणकार होता आणि त्यानं एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून घेतली. बडोद्याला सापडलेल्या 812 सालच्या ताम्रपटात ह्या देवळाचं वर्णन आहे. त्यात म्हटलंय की देवांनीसुद्धा विमानातून पाहून नवल केलं, आणि ज्या कारागिरानं ते घडवलं तोच पुन्हा पाहून थक्क झाला: हे माझ्या हातून झालं कसं! मी ते आत्याबाईंना सांगितलं. राजाचं नाही विचारलं, असं त्या म्हणाल्या होत्या ना. तर हा राजाच्या ताम्रपटातला कारागीर. नाव नाही, पण आहे. त्यांनी पदर डोळ्याला लावला.

गाईड गेल्यावर आम्ही दक्षिणेच्या बाजूला, रावण कैलास हलवतो आहे त्या शिल्पासमोर दोन तास काढले. खालच्या खोबणीत रावण, सगळे हात पसरून जोर लावतोय. वर शंकर निवांत, नुसता पायानं दाबतोय. पार्वती घाबरून त्याच्या दंडाला बिलगली आहे आणि तिच्या मागं एक दासी पळत सुटली आहे. ती दासी बघा. पाठमोरी, निम्मी अंधारात गेलेली. राजानं तिची मागणी केली नसणार. पण डोंगर हलला तर घरातलं कुणीतरी पळणारच, हे त्या कारागिराला माहीत होतं. आत्याबाईंचं लक्ष मात्र रावणाच्या मागच्या खोबणीवर. “एवढ्या आत हात घालून मारायची टाकी. हातोडा फिरवायला जागा कुठंय? आखूड दांड्याचा असंल. दगड भद्द वाजला तर आत चीर असती, सगळं पडलं असतं. ह्यानला दगड कळत व्हता.” माहेरी दगड घेताना वडील आधी वाजवून बघायचे, म्हणाल्या. खणखणीत वाजला तर घ्यायचा.

पायथ्याशी हत्तींची रांग आहे, सारं देऊळ पाठीवर घेतल्यासारखी. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. कुठं कुठं पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे टिकून आहेत. सगळं देऊळ हिमालयातल्या कैलासासारखं पांढरं दिसावं म्हणून तो दिला होता, असं मानतात. मुलगा हत्ती मोजत पुढं गेला. दुपारचे धपाटे आम्ही बाहेर झाडाखाली खाल्ले.

मग ह्यांनी आणि मुलानं दहावं लेणं केलं, त्याला तिकडं ‘सुताराचं झोपडं’ म्हणतात, कारण दगडाच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. तीनताल हे तीन मजली लेणं केलं. जैन लेण्यांपर्यंत बसनं जाऊन आले. आत्याबाई आणि मी कैलासातच राहिलो. चार वाजता ऊन तिरपं झालं आणि ज्या रेघा सकाळी वरून दिसल्या होत्या त्या आता खालून, मागच्या भिंतीवर स्पष्ट उठल्या. ती वेळ जरूर गाठा.

गुरुवारी परतीला जालना, मंठ्याची वाट धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापसाची वेचणी चाललेली. जिंतूरच्या अलीकडं चारठाण्यात उतरून गावातली यादवकालीन देवळं आणि तो उंच कोरीव स्तंभ पाहिला, घाईघाईत, ह्याची खंत आहे. मग औंढा नागनाथ. गाभारा जमिनीखाली, अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरायचं. आत्याबाई बसून, एकेक पायरी सरकत उतरल्या. मागची रांग थांबली, कुणी एका शब्दानं बोललं नाही, एका अनोळखी बाईनं खालून हात दिला. इथला नंदी देवळाच्या पाठीमागं आहे. नामदेव महाराज समोर कीर्तन करत होते, त्यांना मागं जायला सांगितलं, तेव्हा देऊळच फिरलं आणि त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, ही कथा आत्याबाईंनी मुलाला सांगितली. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर त्यांना इथंच भेटले. नंतर त्या तिघांनी मिळून बाहेरच्या काळ्या भिंतीवरची नक्षी निरखली, मी सावलीत बसून पाहत राहिले.

परभणी, गंगाखेड करत परळीला पोचेपर्यंत अंधार पडला होता. गाडीतूनच वैजनाथाला हात जोडले. अंबाजोगाईच्या घाटात मुलगा आज्जीच्या मांडीवर झोपला. लातूरला घरी आलो तेव्हा साडेअकरा वाजले होते.

अजिंठा राहिला आहे. नाताळच्या सुट्टीत जायचं ठरलंय, सोमवार सोडून. फर्दापूरजवळ आपली गाडी ठेवून पुढं तिथल्या बसनं जावं लागतं, पायऱ्या बऱ्याच आहेत, असं विचारून ठेवलंय. आत्याबाई गुडघ्यांचा व्यायाम करतायत, सकाळ-संध्याकाळ, न सांगता.